संगीताचा ऱ्हास : एका जुन्या तक्रारीचा इतिहास

संगीताचा ऱ्हास होत चालला आहे, हे वाक्य ज्याने कधीच ऐकले नाही असा मराठी श्रोता सापडणे कठीण. मैफल संपून मंडळी वहाणा शोधीत असतात तेव्हा ते हमखास कानी पडते. साहित्यसभांच्या व्यासपीठावरून ते अधिक गंभीर स्वरात उच्चारले जाते. आणि संगीताच्या इतिहासावरील पाठ्यपुस्तकांत तर त्याला स्वतंत्र प्रकरण लाभलेले असते. आम्ही स्वतः कित्येक वर्षे वर्गात हेच शिकवीत आलो. प्राचीन काळी उत्कर्ष, मध्ययुगात अवनती, विसाव्या शतकाच्या आरंभी पुनरुज्जीवन आणि त्यानंतर पुन्हा घसरण, अशी चार खणांची मांडणी फळ्यावर करावयाची, विद्यार्थ्यांनी ती उतरून घ्यावयाची आणि परीक्षेत जशीच्या तशी परत करावयाची, असा तो क्रम होता. एके वर्षी एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, ऱ्हास झाला तो नेमका कोणत्या साली?" वर्ग हसला. आम्हीही हसलो, आणि इतिहासात असे साल सांगता येत नाही, असे ठरावीक उत्तर देऊन तास पुरा केला. उत्तर चूक नव्हते. पण त्या उत्तराने आमचे समाधान झाले नाही, हे येथे कबूल करावयास हवे.

साल शोधावयास निघाले म्हणजे मागे मागे जावे लागते. बोलपटांनी संगीत बिघडविले असे म्हणावे, तर १९३२ साली 'अयोध्येचा राजा' पडद्यावर आला तेव्हा संगीत नाटकांनी अभिजात गायन सवंग केल्याची कुरकुर जुनी होऊन गेली होती. पेटीने स्वर बिघडविले असे म्हणावे, तर पेटी आपल्या मैफलीत येऊन बसण्यापूर्वीच्या काळातही कोणी ना कोणी हळहळत बसलेला आढळतोच. लखनौच्या वाजिद अली शाहच्या दरबाराशी परिचय असलेल्या हकीम महंमद करम इमाम या रसिकाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास 'मअदन-उल-मूसिकी' हा ग्रंथ लिहिला. त्यात गुलाम रजा या सतारियावर त्याचा मोठा राग आहे. या माणसाने ठुमरीच्या चालीच्या हलक्याफुलक्या गती काढल्या, श्रीमंतांना त्या आवडल्या आणि खऱ्या सतारवादनाची किंमत उतरली, असा त्याचा आक्षेप. त्याच गती पुढे रजाखानी म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. आज मसीतखानीनंतर रजाखानी वाजविल्यावाचून सतारीची मैफल पूर्ण होत नाही, आणि रजाखानीची लक्षणे सांगा, हा प्रश्न परीक्षेत शास्त्राच्या पत्रिकेत येतो. करम इमामाने ज्यात अधःपतन पाहिले, ते आमच्या हातात शास्त्र म्हणून आले आहे.

ग्वाल्हेरचे उदाहरण याहून बोलके आहे.

राजा मानसिंह तोमराची कारकीर्द १४८६ ते १५१६ अशी. ध्रुपदाला राजमान्यता देणारा हा राजा. त्याच्या दरबारी नायक बक्षूसारखे थोर गायक होते, आणि 'मानकुतूहल' हा संगीतविषयक ग्रंथ त्याच्या नावावर मोडतो. तो आज आपणांस मुख्यतः फारसी अवतारातून ठाऊक आहे. औरंगजेबाच्या पदरी असलेला, काश्मीरची सुभेदारी केलेला सैफखान ऊर्फ फकीरुल्ला याने १६६५-६६ च्या सुमारास 'रागदर्पण' या नावाने त्याचे भाषांतर केले आणि त्यात स्वतःची बरीच भर घातली. या फकीरुल्लाचे अकबरकालीन गायकांविषयीचे मत वाचून ग्वाल्हेरचा अभिमानी माणूस दचकल्यावाचून राहणार नाही. त्याच्या मते मानसिंहाच्या काळचे नायक शास्त्र आणि प्रयोग दोन्ही जाणत; अकबराच्या काळातील बहुतेक गायक मात्र 'अताई', म्हणजे गाता येणारे परंतु शास्त्र न जाणणारे. आणि या अताईंच्या यादीत पहिल्या रांगेत नाव आहे ते मियां तानसेनाचे!

क्षणभर थांबून या गोष्टीचा विचार करावा. अबुल फज्लने 'आईन-ए-अकबरी'त तानसेनासारखा गायक हिंदुस्थानात हजार वर्षांत झाला नाही, असा निर्वाळा दिलेला आहे. तानसेनास जाऊन शंभर वर्षेही लोटली नव्हती, तोच एका विद्वान रसिकाच्या लेखी तो उतरत्या काळाची खूण ठरला. पुढील पिढ्यांनी ज्याला उत्कर्षाचे शिखर मानले, ज्याच्या काळापासून आपली संगीतविद्या खाली खाली आली असे आम्ही फळ्यावर लिहीत होतो, तो तानसेन स्वतः एका जुन्या ऱ्हासकथेतील आरोपी आहे. दरवर्षी ग्वाल्हेरीस त्याच्या कबरीपाशी देशभरचे गायक हजेरी लावतात. कबरीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ल्याने गळा गोड होतो ही समजूतही अद्याप टिकून आहे. फकीरुल्लाचा अभिप्राय त्या गर्दीत कोणाला आठवत नाही, हे बरेच आहे म्हणावयाचे.

फकीरुल्ला हा केवळ रडगाणे गाणारा लेखक नव्हता, हेही सांगितले पाहिजे. त्याच 'रागदर्पणा'च्या शेवटच्या प्रकरणात त्याने आपल्या काळातील गायकवादकांची लांबलचक नोंद दिली आहे आणि त्यांतील अनेकांची मोकळेपणाने वाखाणणी केली आहे. म्हणजे एकेकाचे गाणे ऐकताना तो तृप्त होतो. सर्वांचा मिळून विचार करू लागला की त्याला घसरण दिसते. हा अनुभव आमच्या वाचकांना अगदीच अपरिचित नसावा.

आता औरंगजेबाच्या नावाशी जोडलेल्या त्या प्रसिद्ध प्रेतयात्रेविषयी दोन शब्द. बादशहाने संगीतावर बंदी घातली तेव्हा गायकवादकांनी संगीताची तिरडी काढली आणि बादशहा म्हणाला की पुरताना खोल पुरा, ही कथा मनुची या इटालियन प्रवाशाने आणि खाफीखानाने सांगितली. शाळेच्या पुस्तकांतून ती आपल्या सर्वांच्या कानी आली आहे. औरंगजेबाने १६६८-६९ च्या सुमारास स्वतः गाणे ऐकणे सोडले आणि दरबारातील गायनवादन बंद केले, हे खरे. परंतु राज्यभर संगीत थांबले असे म्हणावयास आधार नाही, हे कॅथरिन बटलर ब्राउन या विदुषीने २००७ साली साधार दाखविले. संगीतावरील महत्त्वाचे फारसी ग्रंथ याच कारकिर्दीत मोठ्या संख्येने लिहिले गेले. 'रागदर्पण' त्यांतलेच, १६७५ च्या सुमाराचे 'तुहफत-उल-हिंद' त्यांतलेच, आणि तानसेनाच्या परंपरेतील रसबरस खाँ कलावंताने १६९८ साली लिहिलेले 'शम्स-उल-अस्वात' हेही त्यांतलेच. ज्याची प्रेतयात्रा निघाली असे आपण मानतो, त्याच्याविषयी त्या 'मृत्यू'नंतर तीस वर्षांनी त्याचेच वारस ग्रंथ लिहीत बसले होते.

तर मग ऱ्हासाची ही भाषा अनादी आहे काय? तसे आम्हांस वाटत नाही. आपल्याच भूमीत तिच्या उलट उदाहरण आहे. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी शार्ङ्गदेव हा अधिकारी होता. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. त्याचा 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ सर्वांस नावाने तरी माहीत आहेच. या ग्रंथातील रागविवेकाच्या अध्यायात २६४ राग सांगितले आहेत, आणि देशी रागांची विभागणी करताना शार्ङ्गदेवाने दोन साधे शब्द वापरले आहेत : 'पूर्वप्रसिद्ध' आणि 'अधुनाप्रसिद्ध'. काही राग पूर्वी लोकांत रूढ होते, काही आता रूढ आहेत. जे राग मागे पडले त्यांच्यासाठी तो अश्रू ढाळीत नाही, आणि जे नवे आले त्यांना उपरे म्हणून हिणवीत नाही. त्याच्या यादीत तुरुष्कतोडी आणि तुरुष्कगौड हे राग आहेत, ही गोष्ट तर मुद्दाम ध्यानात घेण्याजोगी. अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी देवगिरीवर १२९६ साली आली. तिच्या कितीतरी आधी देवगिरीच्या पंडिताने 'तुरुष्क' नावाचे राग शांतपणे नोंदून ठेवले होते. वस्तुस्थिती दोन्हीकडे एकच आहे : जुने जाते, नवे येते. फकीरुल्लाला त्यात घसरण दिसली, शार्ङ्गदेवाला केवळ काळाचा पालट दिसला. तेव्हा 'ऱ्हास' हा शब्द घटनेत नसतो, तो सांगणाराच्या जवळ असतो, असे आम्ही म्हणतो.

या शब्दाला सिद्धांताचे रूप आले ते मात्र इंग्रजी अमदानीत. सर विल्यम जोन्स याने हिंदूंच्या रागांवरचा निबंध १७८४ मध्ये लिहिला व तो १७९२ साली छापला गेला. सोमनाथाचा 'रागविबोध' हाती आल्याने तो हरखून गेला होता. खरी विद्या संस्कृत पोथ्यांत आहे, चालू गाणाऱ्यांच्या गळ्यात नाही, अशी त्याची धारणा. १८३४ साली कलकत्त्यास कॅप्टन विलर्डचे पुस्तक प्रसिद्ध झाले. विलर्ड प्रत्यक्ष गायकवादकांत वावरलेला, त्यामुळे जोन्सहून त्याची माहिती जिवंत आहे. परंतु त्यानेच ते सूत्र स्पष्ट शब्दांत मांडले की शास्त्र विद्वानांकडे राहिले, प्रयोग अशिक्षितांच्या हाती पडला आणि त्यामुळे संगीत खालावले. फकीरुल्लाच्या तक्रारीतही शास्त्र आणि प्रयोग यांची ताटातूट आहेच. पण तेथे मुसलमान सरदार आपल्याच मंडळींना बोल लावतो आहे. विलर्डच्या मागून आलेल्यांनी त्या ताटातुटीला धर्माची आणि जातीची सीमारेषा केली. शास्त्रवाला हिंदू, प्रयोगवाला मुसलमान. शास्त्र पुरुषांचे, प्रयोग नायकिणींचा. येथून पुढे ऱ्हासाचा दोष कोणावर ठेवावयाचा हे ठरून गेले.

आणि येथून पुढची कथा बव्हंशी मराठी माणसांची आहे.

पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांच्याविषयी लिहिताना आमचा हात जरा अडखळतो. या एका वकिलाने हिंदुस्थानभर पायपीट करून जे जमविले त्याच्यावर आज आमचे सारे संगीतशिक्षण उभे आहे. 'श्रीमल्लक्ष्यसंगीत', 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चे चार भाग, 'क्रमिक पुस्तकमालिके'चे सहा भाग आणि त्यांतील सुमारे १८०० चिजा : एवढे काम एखाद्या संस्थेनेही क्वचितच केले असते. शिवाय ते जुन्याचे अंध पूजक नव्हते. 'रत्नाकरा'तले संगीत आज कोणाला गाता येणार नाही, आजचे लक्ष्य पाहूनच आजचे लक्षण लिहावे लागेल, हे त्यांनी निर्भयपणे सांगितले. ग्रंथाच्या नावातच त्यांनी 'लक्ष्य' हा शब्द घातला. या अर्थाने ते शार्ङ्गदेवाचे खरे वारस.

परंतु 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'त गुरुशिष्यांचे जे मराठी संवाद आहेत, त्यांत दुसराच सूर वारंवार ऐकू येतो. नावे न घेता उस्तादांच्या अज्ञानाचे किस्से येतात : प्रश्न विचारला की ते चिडतात, रागाचे नियम त्यांना सांगता येत नाहीत, विद्या दडवून ठेवतात. यांतले काही खरे असेलही. पण ज्याच्या घरी चार पिढ्या गाणे चालले त्याला एका अनोळखी वकिलाने येऊन या रागात कोणता स्वर वर्ज्य आहे व का, असे विचारावे, आणि उत्तर न आल्यास त्याला अडाणी ठरवावे, हा न्याय थोडा एकतर्फी वाटतो. आमच्या आजीला ओव्यांची मात्रागणना कोणी विचारली असती तर तिनेही त्याला दारातूनच परत पाठविले असते. आणि ज्या चिजांमुळे 'क्रमिक पुस्तकमालिका' अमूल्य झाली, त्या जयपूरच्या मनरंग घराण्याचे महंमद अली खाँ आणि त्यांचे पुत्र, तसेच रामपूरचे गुणी, अशांच्याच गळ्यांतून आलेल्या होत्या. मालिकेत बहुतेक चिजांपाशी राग आहे, ताल आहे, स्वरलिपी आहे. ती चीज कोणाच्या तोंडून घेतली त्याचे नाव नाही.

मार्च १९१६ मध्ये महाराज सयाजीरावांच्या आश्रयाने वडोदऱ्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. उत्तर हिंदुस्थानच्या संगीताचा ऐतिहासिक आढावा घेणारे भातखंड्यांचे प्रसिद्ध भाषण तेथलेच. श्रुतींच्या पेटीवरचा वाद तेथलाच. संगीत नष्ट होऊ द्यावयाचे नसेल तर ते लिपिबद्ध केले पाहिजे, शाळेत शिकविले पाहिजे, सुशिक्षितांच्या हाती आले पाहिजे, ही भूमिका तेथे पक्की झाली. हे सारे भाषण ज्या शहरात झाले त्या शहरात मात्र एक अडचणीची गोष्ट तीस वर्षांपासून उभी होती.

ती गोष्ट म्हणजे मौलाबक्षांची गायनशाळा. उस्ताद मौलाबक्ष (१८३३-१८९६) हे दक्षिणेत राहून कर्नाटक संगीताचाही अभ्यास केलेले गुणी गायक. सयाजीरावांच्या आश्रयाने १८८६ मध्ये त्यांनी वडोदऱ्यास गायनशाळा चालू केली, स्वतःची स्वरलिपी तयार केली, गुजराती व मराठी पदांची पुस्तके त्या लिपीत छापविली आणि सामान्य घरांतील मुलांना वर्गात बसवून शिकविले. याच शाळेच्या परंपरेत आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची संगीतशाखा येते. म्हणजे लेखन, शाळा आणि सार्वजनिक शिक्षण या ज्या तीन गोष्टींच्या अभावी उस्तादांच्या हाती संगीत बुडाले असे सांगितले गेले, त्या तिन्ही गोष्टी एका उस्तादाने, त्याच गावात, परिषदेच्या तीस वर्षे आधी करून ठेवल्या होत्या. आम्ही फळ्यावर जो आराखडा काढीत असू त्यात मौलाबक्षांना जागाच नव्हती. त्यांना कोणत्या खणात घालावे? ऱ्हासाच्या खणात घालावे तर त्यांची शाळा आड येते, पुनरुज्जीवनाच्या खणात घालावे तर त्यांचे नाव आड येते. म्हणून ते एका तळटीपेत राहिले.

ग्वाल्हेरची हकीकत निराळी. हद्दू-हस्सू खाँची गायकी तेथे शंकर पंडितांसारख्या मराठी घरांत केव्हाच रुजली होती. वासुदेवबुवा जोश्यांकडून ती बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपर्यंत आणि त्यांच्याकडून विष्णु दिगंबर पलुसकरांपर्यंत पोहोचली. असे असता महाराज माधवराव शिंद्यांनी राजाभय्या पूछवाले प्रभृती ग्वाल्हेरच्या गायकांना भातखंड्यांची पद्धती शिकण्यासाठी मुंबईस पाठविले, आणि १९१८ च्या जानेवारीत माधव संगीत विद्यालय स्थापन झाले. गंगेच्या काठच्या माणसांनी पाणी कसे प्यावे हे शिकावयास परगावी जावे, तसा हा प्रकार काहींना त्या वेळी वाटला असल्यास नवल नाही. पण राजाभय्यांनी मुंबईहून पद्धती आणली आणि गायकी ग्वाल्हेरचीच शिकविली. तिकडे कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ पासून आपले वेगळे विद्यालय चालविले आणि पुढे दीर्घकाळ ती गायकी निष्ठेने सांभाळली. दोन्ही ठिकाणी विद्यार्थी तयार झाले. ऱ्हासाच्या सिद्धांताची तेथे कोणाला फारशी गरज पडली नाही.

सिद्धांताची खरी सत्ता दिसली ती नभोवाणीवर. १९४० साली नभोवाणीने पेटीला बंदी केली. ती सुमारे तीस वर्षे टिकली. गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकाने ज्या वाद्यातून रसिकांना वेड लावले, ते वाद्य सरकारदप्तरी संगीताचा शत्रू ठरले. १९४६ साली सरदार पटेलांकडे नभोवाणीखाते आले तेव्हा ज्यांचे खाजगी जीवन लोकापवादाचा विषय आहे अशा कलावंतांना नभोवाणीवर घेऊ नये, असा आदेश निघाला. त्याचा रोख कोणावर होता हे सांगावयास नको. १९५२ ते १९६२ या काळात डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे खात्याचे मंत्री होते. संगीतावर या मराठी गृहस्थाचे प्रेम निःसंशय होते. शास्त्रीय संगीताच्या कार्यक्रमांना नभोवाणीवर जे स्थान मिळाले त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. परंतु त्यांच्या मागे तीच कथा होती : संगीत मुसलमान घराण्यांच्या हाती जाऊन गुप्त आणि धर्मभ्रष्ट झाले, इंग्रजांनी त्याची उपेक्षा केली, आता ते सावरावयाचे. सिनेमाची गाणी नभोवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावले. आणि १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती काढून खात्याला माघार घ्यावी लागली. या प्रसंगावर पुष्कळ विनोद झाले. ज्या गायिकांची नावे त्या आधीच कार्यक्रमपत्रिकेवरून गळली होती, त्यांच्यावर विनोद करावयास मात्र कोणाला सवड नव्हती.

फकीरुल्ला, करम इमाम, विलर्ड, भातखंडे, केसकर ही सारी नावे ओळीने ठेविली म्हणजे एक गोष्ट डोळ्यांत भरते. यांपैकी एकही गाण्यावर पोट भरणारा नाही. सरदार, हकीम, लष्करी अधिकारी, वकील, मंत्री : हे ऐकणारे, आश्रय देणारे किंवा नियम करणारे लोक. गाणारे कुरकुरत नाहीत असे नव्हे. पण त्यांची तक्रार बहुधा नेमकी असते. शागीर्द टिकत नाही, मैफल लवकर आटोपावी लागते, दरबार मोडला. १९४८-४९ मध्ये ग्वाल्हेर, इंदूर, वडोदरा ही संस्थाने विलीन झाली तेव्हा कितीएक घरांचे वेतन बंद पडले. त्यांना 'संस्कृतीचा ऱ्हास' असे मोठे नाव देण्याची गरज नव्हती, महिनाअखेर पुरेशी होती.

यावर कोणी म्हणेल, की तुम्ही तर काहीच गमावले नाही असे सुचविता. तसे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. उलट आमचे दुःख हे की 'सर्व संगीताचा ऱ्हास' या मोठ्या शोकात लहान लहान, खऱ्या हानी बुडून जातात. बीनेचे उदाहरण घ्या. इंदूरच्या होळकर दरबारी असलेल्या बंदे अली खाँची बीन ऐकून गवयांनी आपले गाणे घडविले, आणि किराणा परंपरेतील गायक त्यांचे नाव आजही आदराने घेतात. विसाव्या शतकात जिया मोहिउद्दीन डागर (निधन १९९०) आणि असद अली खाँ (निधन २०११) या दोघांनी ते वाद्य कष्टाने जिवंत ठेविले. आज ते वाजविणारे थोडे आहेत. ही हानी मोजता येते, तिची कारणे सांगता येतात : वाद्य अवजड, आवाज बारीक, मोठ्या सभागृहात पोहोचत नाही, बनविणारे कारागीर कमी, शिकण्यास वर्षे फार. त्यांतली काही कारणे दूरही करता येतील. सारंगीचेही तसेच. मराठी मुलखात तिची जागा पेटीने घेतली ती केवळ पेटी सोपी म्हणून नव्हे. सारंगी कोठीवरची म्हणून सभ्य घरांत तिला बसावयास पाट नव्हता. पेटीला आम्ही परदेशी म्हणून दोष दिला, आणि सारंगीला आम्हीच उठविले होते हे विसरलो.

गोमंतकातील कलावंत समाजाचा प्रश्न याहून कठीण आहे. देवळातील सेवा, उत्सवातील गायन आणि परावलंबी जिणे यांच्या बंधनातून मुलींना सोडवून शिक्षण आणि विवाह यांच्या वाटेवर आणावे, यासाठी त्या समाजातीलच सुधारकांनी चळवळ केली. अनेक घरांत गाणे बुद्ध्या बंद करण्यात आले. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकून हिंदुस्थानभर गाजल्या हे सर्वांना ठाऊक आहे. पण ज्या घरांतील तंबोरा गवसणीत घालून माळ्यावर ठेवला गेला, तेथे काय झाले? संगीताच्या बाजूने पाहिले तर कितीएक गळे मुके झाले. त्या घरातील मुलीच्या बाजूने पाहिले तर ती शिक्षिका झाली, परिचारिका झाली, संसारी झाली, आणि कोणाच्या मर्जीवर जगण्यातून सुटली. याला ऱ्हास म्हणावयाचे झाल्यास तो कोणाचा, हे आधी सांगावे लागेल. आम्हांस तरी त्या माळ्यावरच्या तंबोऱ्यासाठी हळहळताना त्या मुलीच्या डोळ्यांकडे पाहण्याचा धीर होत नाही.

जाता जाता एक गोष्ट. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज तरुणपणी बिघडला. पूर्वीसारखे गाता येईना. तेव्हा बदललेल्या गळ्याला मानवेल अशी नवी गायकी त्यांनी घडविली. जाणकार आज तिला अस्सलपणाचा मानदंड मानतात. तिचा जन्म एका मोडलेल्या आवाजात आहे.

वडोदऱ्याच्या दरबारी गवयांत अखेरचे मोठे नाव फैयाज खाँसाहेबांचे. १९५० च्या नोव्हेंबरात ते वारले. त्यांच्या गाण्यावर आग्र्याच्या जोहराबाईचा ठसा असल्याचे जाणकार सांगत आले आहेत. जोहराबाईविषयी आम्हांस जे काही कळते ते मुख्यतः तिच्या ध्वनिमुद्रिकांमुळे. ग्रामोफोन म्हणजे संगीताचे यंत्रीकरण, तीन मिनिटांत खयाल कोंबून त्याची विटंबना, असा आरोप त्या तबकड्यांवर होतच आला आहे, आणि बड्या गवयांपैकी कितीएकांनी त्या यंत्रापुढे गाण्याचे नाकारले. नायकिणींनी नाकारले नाही. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास गौहरजान कर्ण्यापुढे गावयास बसली, तेव्हा मेणावरची मूळ मुद्रणे जर्मनीत हॅनोवर येथे जावयाची आणि तबकड्या तेथे तयार व्हावयाच्या. तेथील कारागिरांना हिंदुस्थानी भाषा कोठून कळणार? कोणती तबकडी कोणाची हे ओळखता यावे म्हणून गाणे संपताच गाणारीने स्वतःचे नाव मोठ्याने सांगावयाचे, असा रिवाज पडला, आणि मागाहून कित्येक गायिकांनी तो चालू ठेविला. दरबारच्या रोजकीर्दीत ज्यांची नोंद केवळ रकमेपुढे झाली, चिजांच्या पुस्तकांत ज्यांना जागाच मिळाली नाही, त्यांनी तबकडीवर मात्र एकेक करून आपले नाव सांगून ठेवले आहे. चीज संपते, सारंगीचा स्वर अजून पुरता विरलेला नसतो, आणि खरखरीतून ते नाव ऐकू येते.